मदत हवी आहे: ब्रॅडमनवरचं १९३० चं गाणं पेटीवर बसवायचंय

नमस्कार मंडळी, मेलबर्नहून लिहितेय. बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत, क्रिकेट आणि पेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि आता त्यांनी ध्यास घेतलाय की इथल्या गणपतीत 'अवर डॉन ब्रॅडमन' पेटीवर वाजवायचं.

गाणं जॅक ओ'हेगनचं. ब्रॅडमनने लीड्सला ३३४ काढल्या त्याच वर्षीचं (त्या मालिकेत ९७४ धावा, अजून कुणी मोडलेलं नाहीये ते रेकॉर्ड!). गाण्याच्या नादाने ओ'हेगनबद्दल वाचत गेले आणि मी पण गुंतले. १८९८ चा जन्म, आपल्या इथल्याच फिट्झरॉयचा, आणि कॉलिन्स स्ट्रीटवरच्या अ‍ॅलन्स या म्युझिकच्या दुकानात कामाला, काम काय तर पियानोवर बसून नवीन गाणी गिऱ्हाइकांना वाजवून गाऊन दाखवायची म्हणजे लोक छापील नोटेशन विकत घेणार, कारण तेव्हा गाणं चाललं की नाही ते कागद किती खपले त्यावरच ठरायचं. पुढे रेडिओवरही गायला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं १९२२ चं, गंडागाय गावाच्या वाटेचं, आणि ते गाव त्याने तेव्हा पाहिलंही नव्हतं! पहिल्यांदा गेला थेट १९५६ ला. बाबा दोन दिवस तेच म्हणतायत, न बघितलेल्या गावाची एवढी ओढ त्याने लिहिली कशी असेल.

तर मदत अशी हवीये. जुनं रेकॉर्डिंग ऐकायला मिळालं पण छापील नोटेशन कुठे मिळेल? नॅशनल लायब्ररीच्या ट्रोव्हवर (त्यांचा ऑनलाइन संग्रह) फक्त शीट म्युझिक कसं शोधायचं, मला सगळी वर्तमानपत्रंच दिसतायत. आणि मिळालं तर स्टाफ नोटेशनवरून सारेगममध्ये कुणी उतरवून देईल का, बाबांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही.

दुसरं म्हणजे परवानगी. ओ'हेगन १९८७ ला गेला आणि इथे मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०५७ पर्यंत आहेच. अ‍ॅप्राकडे (गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स देणारी इथली संस्था) जायचं एवढं कळलंय, पण लायसन्स मंडळाने काढायचं की हॉलवाल्यांकडे आधीच असतं? कुणी कार्यक्रम केले असतील तर प्लीज सांगा. बाबांचं परतीचं तिकीट गणपतीनंतर लगेचच आहे आणि सरावाला निदान पंधरा दिवस तरी लागतील म्हणतायत.