व्हीआरएलए (बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी) काढून लिथियम लावली, तरी डीजी (डिझेल जनरेटर) जास्त चालतोय. सेटिंग कुठे चुकतंय?

घाटमाथा_४८
सातारा जिल्ह्यातली मोबाइल टॉवरची आउटडोअर साइट. लोड २५ अँपिअर, वजा ४८ व्होल्ट. लाइट दिवसाला आठ-दहा तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. ५४० वॉटची १२ पॅनल, एमपीपीटी (सोलर चार्जर) पॅनलच्या स्ट्रक्चरलाच बॉक्समध्ये. एसएमपीएसमध्ये (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) ३ किलोवॉटची तीन मॉड्यूल, डीजी १५ केव्हीए. ६०० एएचची व्हीआरएलए बँक काढून १६ सेलवाल्या १०० एएचच्या पाच लिथियम बॅटऱ्या लावल्यात. तेव्हापासून कडक उन्हातही लाइट असली की सोलरचे अँपिअर दोन-तीनवर येतात. बॅटरी ७० टक्क्यांच्या पुढे सरकत नाही, आणि रात्री ४० टक्के दाखवत असतानाच ट्रिप होते. व्हेंडर म्हणतो पॅनल धुवा. धुतली. फरक शून्य.

बसबार
पॅनलचा दोष दिसत नाही. आधी हे करा: दुपारी १२ च्या सुमारास एमपीपीटीच्या आउटपुटला क्लॅम्प मीटर लावा आणि एसएमपीएसचा एसी एमसीबी पाडा. अँपिअर लगेच चढले तर सोलर धडधाकट आहे, रेक्टिफायर त्याला दाबतोय. सोबत दोघांचं आउटपुट व्होल्टेज मीटरने मोजा. स्क्रीनवरचं नको. आणि दोन्हीकडे टेंपरेचर कॉम्पेन्सेशन चालू आहे का ते पाहा.

घाटमाथा_४८
एमसीबी पाडल्यावर ३ वरून ७८ अँपिअर. एसएमपीएस ५२.९ व्होल्ट, एमपीपीटी ५२.२. दोन्हीकडे फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवायचं व्होल्टेज) ५४.० सेट केलेलं आहे! कॉम्पेन्सेशन दोन्हीकडे चालू.

बसबार
मग सापडलं. हे कॉम्पेन्सेशन व्हीआरएलएसाठीचं. तिला तापमान वाढलं की व्होल्टेज कमी द्यावं लागतं, दर सेलला अंशामागे ३ मिलिव्होल्ट. २४ सेलचे झाले ७२ मिलिव्होल्ट. कॅबिनेटमधला सेन्सर ४० अंश वाचतो, म्हणजे २५ च्या वर १५ अंश, ५४ मधून १.१ व्होल्ट गेले. एमपीपीटी उन्हात, त्याचा सेन्सर पोटातच. तो ५० वाचतो आणि १.८ व्होल्ट कापतो. ज्याचं व्होल्टेज जास्त, तोच करंट देतो. गंमत बघा, ऊन जितकं जास्त तितकं सोलर रेक्टिफायरच्या खाली दबतं.

तुमच्या दुसऱ्या दुखण्याचं मूळही हेच. ५२.९ भागिले १६ म्हणजे सेलला ३.३१ व्होल्ट. तुमच्या लिथियम फेरोफॉस्फेट सेलची व्होल्टेजची रेघ मधे इतकी सपाट असते की या व्होल्टेजला सेल साठ-सत्तर टक्क्यांवरच थांबतो. सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) साधारण ३.४ च्या वर सुरू होतं, तिथवर तुम्ही कधी पोचतच नाही. बीएमएस (बॅटरीतला कंट्रोल बोर्ड) टक्केवारी अँपिअर मोजून काढतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावरच हिशोब जुळवतो. महिनोन्महिने पूर्ण चार्ज नाही, म्हणजे ते ४० टक्के निव्वळ अंदाज. प्रत्यक्षात एखादा सेल तळाला गेलेला असतो आणि तोच सगळी बॅटरी पाडतो.

कॉम्पेन्सेशन दोन्हीकडे बंद करा. एमपीपीटी ५६.० वर, म्हणजे सेलला ३.५. रेक्टिफायर ५३.६. बॅटरीच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा तेवढी एकदा ताडून घ्या. पहिल्या वेळी रेक्टिफायरही ५६ वर नेऊन पाचही बॅटऱ्या पूर्ण भरा आणि करंट ५ अँपिअरच्या खाली येईपर्यंत तसंच ठेवा. सेल फार विस्कटले असतील तर एका दिवसात जुळणार नाहीत.

डिझेल_कमी
वरच्यात भर. बॅटरी रिकामी असताना रेक्टिफायर आणि सोलर दोघंही भरतात, नुसत्या व्होल्टेजच्या फरकाने सोलरला प्राधान्य मिळत नाही. म्हणून लाइटवर चार्जिंग करंटची मर्यादा ५० अँपिअर ठेवा, डीजीवर १००. डीजीला उलटं हवं असतं. १५ केव्हीएच्या इंजिनावर सव्वा किलोवॉट लोड म्हणजे कार्बन धरणार, सायलेन्सरमधून तेल गळणार. १०० अँपिअरने भरलं की एकूण सात किलोवॉटच्या आसपास लोड बसतो. डीजी ३० टक्क्यांला सुरू, ८० ला बंद. अडीच तासांत काम होतं आणि उरलेली जागा उन्हासाठी राहते. अर्थात आधी टक्केवारी खरी होऊ द्या, तोवर व्होल्टेजवर चालवा.

आणि सोलरकडून अपेक्षा बेताची ठेवा. तुमचा लोड रोजचे ३१ युनिट. साडेसहा किलोवॉटची पॅनल, पाच तासांचं ऊन, पाऊण टक्का... चुकलं, नासाडीपोटी ०.७५ चा गुणक धरून २४ युनिट. जुलैत धुक्यात दोन तासही धरू नका. पावसाळ्यात रेक्टिफायर ५५.२ करा, नाहीतर चार महिने बॅलन्सिंग होणार नाही.

घाटमाथा_४८
जुनी व्हीआरएलए साइटवरच पडून आहे. समांतर जोडली तर?

बसबार
नको. १६ सेलच्या लिथियमचं ५६ व्होल्ट तिला रोज उकळवेल, पाणी उडून जाईल. कमी ठेवलं तर पुन्हा लिथियम उपाशी.

नेगेटिव्ह_फ्यूज
एलव्हीडीला (व्होल्टेज फार उतरलं की बॅटरी तोडणारं सेटिंग) कुणी हात लावला नाही. व्हीआरएलएसाठीचा ४३.२ अजून तसाच असेल, तो १६ सेलला सेलमागे २.७ होतो. त्याच्या आधीच बीएमएस पडतो. ४८ करा. बीएमएस पडल्यावर खरी पंचाईत सकाळी होते. बरेच एमपीपीटी बॅटरीच्या बाजूने व्होल्टेज मिळाल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि झोपलेला बीएमएस चार्जिंग व्होल्टेज आल्याशिवाय उठत नाही. ऊन डोक्यावर, साइट डाऊन, डीजीची स्टार्टर बॅटरीही बसलेली असली तर माणूस पाठवावा लागतो.

आणखी एक. पॉझिटिव्ह अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) सिस्टीम आहे. एमपीपीटी कॉमन निगेटिव्हचा असेल आणि सवयीने कुणी पॅनलचं निगेटिव्ह अर्थ केलं, तर बॅटरी थेट अर्थमधून शॉर्ट होते. अर्थ फक्त फ्रेमला. पॅनलच्या दोन्ही तारा मोकळ्या. बॅटरीचे फ्यूज निगेटिव्हवरच.