अखेनातेनचा ‘एकेश्वरवाद’ की ‘एकदेवोपासना’?

प्रश्न: प्राचीन इजिप्तवरच्या एका मजकुराच्या भाषांतरात अखेनातेन या राजाच्या, आतेन या सूर्यदेवाच्या भक्तीवर उभ्या असलेल्या धर्माला ‘एकेश्वरवाद’ म्हटलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘एकदेवोपासना’ केलं. कोणता शब्द ठेवावा?

नीलकाठ: पहिलाच. एकदेवोपासनेत बाकीचे देव मान्य असतात, पूजा तेवढी एकाची. अखेनातेनने आमून या तेव्हाच्या प्रमुख देवाचं नाव छिन्नीने खरवडून काढलं, वडिलांच्या ‘आमेनहोतेप’ नावातलंसुद्धा. काही ठिकाणी ‘देव’चं अनेकवचनही गेलं.

जुनीपाटी: हे सगळं पहिल्या दिवसापासून नव्हतं. इ.स.पू. १३५३ च्या सुमारास तो गादीवर आला तो चौथा आमेनहोतेप म्हणून. पाचव्या वर्षी नाव बदललं, अमार्नाला नवी राजधानी आखली. तिथल्या सीमाशिलांवर म्नेविस या पवित्र बैलाच्या दफनाची सोय नोंदलेली आहे! आतेनला राजासारखं जे नाव दिलं, त्याच्या सुरुवातीच्या रूपात होराख्ती आणि शू हे दुसरे देव होते, ते राजवटीच्या उत्तरार्धात वगळले. सतरा वर्षांना एकच शब्द कसा पुरेल?

अक्षरमित्र: संस्कृत पंडित मॅक्स म्युलरने ऋग्वेदासाठी रूढ केलेली एकदेवोपासनेची कल्पना इथे घेऊ नका. तिथे ज्याचं सूक्त तो त्या वेळेपुरता सर्वश्रेष्ठ. इथे इतरांना जागाच नाही.

नीलकाठ: तेच म्हणतोय. आय या दरबाऱ्याच्या थडग्यातल्या आतेनच्या स्तोत्रात ‘तुझ्यासारखा दुसरा नाही’ असं स्पष्ट आहे.

जुनीपाटी: त्याच स्तोत्रात ‘तुला राजाखेरीज कोणी जाणत नाही’ असंही आहे. शिल्पांत किरणांच्या टोकांना हात असतात, पण त्यातलं अंख हे जीवनाचं चिन्ह राजा-राणीच्याच नाकाशी. कामगारांच्या वस्तीत तर बेस आणि तावेरेत या घरगुती देवतांची ताईतं सापडली. ‘वाद’ राजवाड्यापुरता होता.

शुद्धलेखी: माझी हरकत ‘ईश्वर’वर आहे. मराठीत ईश्वर निराकारही असतो. आतेन म्हणजे डोळ्यांना दिसणारं सूर्यबिंब, म्हणून त्याची देवळं बिनछपराची आणि नैवेद्याचे चौथरे उघड्या अंगणात. ‘बिंबोपासना’ लिहा.

अक्षरमित्र: असा शब्द कोण वापरतं? वाचकाला ‘एकेश्वरवाद’ लगेच कळतो. आणि ‘बिंब’ म्हटलं की प्रतिबिंब आठवतं, त्यापेक्षा ‘तबकडी’ बरी.

शुद्धलेखी: तबकडी ग्रामोफोनची. उगवत्या सूर्याचं बिंबच असतं, मराठीत दुसरं काही म्हणत नाहीत.

नीलकाठ: ‘आतेन’ की ‘अतोन’, तेही एकदा ठरवा.

जुनीपाटी: चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, दोन्ही नंतर भरलेले. एका मजकुरात एकच रूप ठेवा आणि ‘आमेनोफिस’ हे ‘आमेनहोतेप’चं ग्रीक रूप त्यात मिसळू नका.