कोकण किनारा टप्प्याटप्प्याने चालतोय, तिसऱ्या टप्प्यात गंडलो. पुढचं कसं ठरवायचं?

सातारी_पाय

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, वय ४८, एमआयडीसीत नोकरी, रोज सकाळी अजिंक्यतारा चढउतार. त्यामुळं चालण्याचा थोडा माज होता, तो आता उतरलाय.

मी आणि माझा मेहुणा, आम्ही ठरवलं की बाणकोटपासून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला विजयदुर्गाच्या खाडीपर्यंत चालत जायचं. एका दमात नाही, सुट्ट्या कुठल्या एवढ्या? शनिवार रविवारला एखादा दिवस जोडून टप्प्याटप्प्याने, आणि नियम एकच, जिथं थांबलो तिथूनच पुढं सुरू करायचं. पहिला टप्पा बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले करत हर्णै, दुसरा हर्णै ते दाभोळ, दोन्ही झकास झाले. तिसरा दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, मग अंजनवेल, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ असा होता आणि तिथं घोळ झाला.

गुहागरचा किनारा मजेत संपवला, असगोलीच्या पुढं डोंगराचं नाक समुद्रात आलंय तिथं खालून खडकाखडकाने जाऊ म्हटलं, पाणी लांब दिसत होतं. अर्ध्या तासात ते लांबचं पाणी पायाशी आलं, मागं वळावं तर मागचा खडकही बुडालेला. शेवटी करवंदीच्या जाळ्यांतून हातापायाने वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढलो, मेहुण्याची पँट तिथंच फाटली, आणि वर एक बाई गवत कापत होत्या त्या म्हणाल्या, "अष्टमीचे दुपारी खालून कशाला गेलात?" अष्टमीचा काय संबंध ते तेव्हा कळलंच नाही.

तर प्रश्न असे. टप्पा किती किलोमीटरचा धरायचा? गाडी एका टोकाला ठेवली की ती आणायला मागं जाण्यात अर्धा दिवस जातो, त्याचं काय करता? आणि माझा उजवा घोटा आणि डावा गुडघा दुखतोय, डोंगरात कधी दुखत नाही, असं का?

पाटणचा_पाहुणा

कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण, गुहागर, मासे खायचे, परत यायचं. चालायचं कशाला राव 😀

चिपळूणची_लेक

दादा, त्या बाईंनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. माझं माहेर चिपळूण, सासर कराड, त्यामुळे दोन्हीकडची बाजू घेऊन बोलते.

तुम्ही घाटावरची माणसं अंतर मोजता, किनाऱ्यावर अंतर नाही मोजायचं, पाणी मोजायचं. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी परत सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बारा साडेबाराला. तुम्ही जेवूनबिवून दोन वाजता खाली उतरला असाल, तेव्हा पाणी दिसायला लांब असतं पण ते आत यायला लागलेलं असतं. बरोबर ना? पौर्णिमा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी साडेपाच. हिशोब अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आधी भरतीओहोटीचं कोष्टक बघायचंच, मोबाईलवर मिळतं. पण सुट्टी कुठली टाकायची ते ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

चालायला सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की द्वितीया तृतीया. ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठला. पहाटे उजाडायला निघालात की पाणी मागे मागे जात असतं, ओली घट्ट वाळू मिळते, ऊन अजून डोंगराच्या पलीकडे असतं आणि सुरूच्या बनाची सावली पडलेली असते. साडेनऊ दहापर्यंत जेवढं होईल तेवढं किनाऱ्याने, मग वर गावातल्या रस्त्याने. फक्त एक लक्षात ठेवा, पौर्णिमा अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी मागे जातं तितकंच वरही येतं. नाकाडाला खालून वळसा घालायचा तर ओहोटीच्या आधीच्या तासात, नंतर नाही. आणि हेदवीला बामणघळीत भरतीच्या वेळी फोटो काढायला खाली उतरू नका, ते पाणी कपारीतून कसं उसळतं ते लांबून बघण्यासारखं आहे.

तुमचे पहिले दोन टप्पे कधी झाले होते ते कॅलेंडरात बघा बरं.

मिरजेचा_वाटसरू

वरच्या ताईंनी पाण्याचं सांगितलंय, मी पायाचं सांगतो कारण मी पण त्यातून गेलोय. आम्ही सांगली मिरजकडचे तिघं आंबा घाटाने रत्नागिरीला उतरतो आणि भाट्याच्या दक्षिणेला गणेशगुळे, पूर्णगड, गावखडी, कशेळी अशी आमची चाल चाललीय.

तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला निघालाय म्हणजे समुद्र कायम उजव्या हाताला. वाळू समुद्राकडे उतरती, म्हणजे तुमचा उजवा पाय दिवसभर दोन बोटं खाली आणि डावा वर, एक पाय आखूड असल्यासारखं. दुसरं काय होणार, घोटा आणि गुडघा बोलणारच! ओहोटीला पाण्याजवळ सपाट पट्टा मिळतो त्यावरनं चालायचं, आणि तिरकं लागलं की अधूनमधून उलटं तोंड करून शंभर पावलं मागं जायचं. लोक हसतात, हसू देत.

डोंगरातले घोट्याच्या वर येणारे बूट घालून गेला असाल तर ते घरी ठेवा. वाळू आत गेली की सँडपेपर होतो आणि टाचेला फोड येतात. मी वाळूवर अनवाणी आणि कातळावर पट्ट्याची सँडल घालतो. सड्यावर मात्र अनवाणी चालायचा शहाणपणा करू नका, दुपारी जांभा तव्यासारखा तापतो. खाडीच्या तोंडाला कांदळवनातून शॉर्टकट मारायचा मोह तर अजिबातच नको, वरनं घट्ट दिसतंय आणि मांडीपर्यंत पाय जातोय. माझी एक सँडल अजून तिथंच आहे.

खायला सांगलीचं भडंग न्या, हलकं आणि दोन दिवस टिकतंय. गावात घरगुती जेवण लय भारी मिळतं पण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. अचानक दुपारी दोनला दारात उभं राहिलं तर त्यांनी तरी काय करायचं.

एक शंका. फेरीबोटीत बसला म्हणजे चालत गेलो असं म्हणता येतंय का? आमच्यात यावरनं भांडण आहे. एक मित्र म्हणतो पुलानं वळसा घालायचा.

चिपळूणची_लेक

दाभोळला पुलाने वळसा म्हणजे कुठपर्यंत आत जावं लागेल ते त्यांना नकाशात दाखवा एकदा 😄 कोकणात माणसं तरीतूनच, म्हणजे होडीतूनच खाडी ओलांडत आली, ती चालच आहे.

वारकरी_लोणंद

आमच्याकडं माउलींची पालखी येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, तेव्हा टप्प्यांची सवय अंगात आहे. पण वारीत मुक्काम ठरलेले, दिंडीचा ट्रक पुढं जाऊन स्वयंपाक करतो, पाठीवर फक्त पाण्याची बाटली. इथं ना पाट्या ना बाण, सगळं आपलं आपण. म्हणून पाठीवरचं ओझं कमी करा, दोन दिवसाला दोन शर्ट जास्तच होतात.

गाडीचं सोपं आहे, गाडी नेऊच नका. मी उंब्रजहून एसटीने चिपळूण आणि तिथून गुहागर गेलोय. टप्पा अशा गावात संपवायचा जिथं मुक्कामी एसटी येते. ती रात्री गावात झोपते आणि पहाटे तालुक्याला निघते, ड्रायव्हर कंडक्टर पण तिथंच असतात, त्यांना आदल्या रात्री भेटून विचारून ठेवायचं किती वाजता सोडणार. हा टाइम इंटरनेटवर शोधत बसू नका, दुकानदाराला विचारा. टप्प्याची लांबी मग आपोआप ठरते, किलोमीटर पंधरा का वीस हा प्रश्नच राहत नाही.

सातारी_पाय

सगळ्यांना साष्टांग. ताई, बघितलं कॅलेंडर. पहिला टप्पा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला होता, दुसरा अमावस्येला लागून. आणि आम्ही समजत होतो आम्हाला जमतंय!

आता तवसाळहून तरीने जयगड, मग उंडी, मालगुंड, गणपतीपुळे असा पुढचा बेत. त्याआधी असगोलीला परत जाऊन राहिलेला तुकडा करायचा, नियम म्हणजे नियम. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून बसलो तर बायको म्हणाली, तुम्ही कधीपासून उपास बघायला लागलात. तिला पाऊणपटीचा हिशोब सांगितला, तिने माझ्या आधी वद्य तृतीयेचा शनिवार शोधून दिला.

मेहुण्याला दाभोळच्या बोटीत एक गोष्ट सांगितली होती ती इथं पण टाकतो. कोयनेचं पाणी बोगद्यातून खाली पोफळीला वीज करून कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत सोडतात, आणि वाशिष्ठी दाभोळलाच समुद्राला मिळते. म्हणजे आपण तिथं परक्या पाण्यावर नव्हतोच. तो म्हणाला, मग भाडं कशाला घेतलं.

चिपळूणची_लेक

वद्य तृतीया शनिवारी म्हणजे रविवारी संकष्टी हो दादा! त्या दिवशी गणपतीपुळ्याला पोचलात तर खोली सोडा, पाय ठेवायला जागा मिळणार नाही. अलीकडे मालगुंडला मुक्काम करा आणि पुळ्याला सोमवारी उजाडताना जा. पंचमीची ओहोटी दहाच्या आसपास आहे, घाई नाही.