पहिली प्रोग्रामिंग भाषा शिकताना पुस्तक आणि ट्युटोरियल कसं पारखायचं?

आयुष्यात पहिल्यांदाच कोड लिहायला बसणाऱ्यांसाठी हा धागा. पुस्तकांची नुसती नावं नकोत. हातात आलेलं पुस्तक कामाचं आहे की नाही हे कसं ओळखायचं आणि नवशिक्याची गाडी नेमकी कुठे अडते, ते शिकवणाऱ्यांनी लिहावं.

*

पायथन शिकायची असेल तर आधी आवृत्ती बघा. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दुसरीवरची पुस्तकं अजून सापडतात. पहिली दहा पानं चाळा. पडद्यावर उत्तर दाखवणाऱ्या 'प्रिंट'पुढे कंस नसेल तर पुस्तक परत ठेवा. कंस नसला की निदान एरर तरी येते. भागाकार मात्र गुपचूप दगा देतो: ७ भागिले २ केलं की जुन्या पुस्तकात उत्तर ३ छापलेलं असतं, तुमच्या मशीनवर ३.५ येतं. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून नवशिका तासभर डोकं धरून बसतो.

*

सी शिकणाऱ्यांनाही हेच लागू. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या) निळ्या खिडकीवर बेतलेली पुस्तकं कॉलेजांत वर्षानुवर्षं चालली. त्यांतली 'कॉनिओ' ही हेडर फाइल (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल) लिनक्सवरच्या नेहमीच्या जीसीसी कंपायलरकडे नसते, म्हणून तिथे पहिलाच प्रोग्राम कंपाइल होत नाही.

उत्तरंही जुळत नाहीत. टर्बो सीमध्ये 'इंट'ला (पूर्णांक साठवण्याच्या प्रकाराला) दोनच बाइट, म्हणजे कमाल ३२७६७. ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) ४०३२०, ते त्यात मावत नाही आणि पडद्यावर उणे २५२१६ येतं. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर 'इंट' चार बाइटचा असतो, त्यामुळे १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला बिघडतं. असं का होतं हे जे पुस्तक आकडे मांडून समजावतं, ते जरूर घ्या.

*

इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडे आहेत. धडे छोटे आहेत, पण सलग पाच बघू नका. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर एडिटर. धडा संपला की व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्राम आठवून लिहा, मग त्यातली एकच गोष्ट बदला आणि चालवण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहून ठेवा. उत्तर चुकलं तर पुढचा धडा उघडायचा नाही, हाच परत.

*

माझी कसोटी एकच प्रकरण: वापरकर्त्याकडून आकडा घेणं. पायथनमध्ये 'इनपुट' नेहमी मजकूर देतं, म्हणून ५ आणि ५ ची बेरीज ५५ होते. चांगलं पुस्तक ही चूक आधी करू देतं आणि मग मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'ची गरज दाखवतं. वाईट पुस्तक पहिल्याच ओळीत 'इंट' लिहून मोकळं होतं.

पायथनचं अधिकृत ट्युटोरियल उत्तम आहे, पण ते दुसरी एखादी भाषा येणाऱ्यांसाठी लिहिलंय. अगदी कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याला ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' बरं पडेल. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

*

पुस्तकाला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'मध्ये (मशीन प्रोग्राम जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत) जोडण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करायची राहिली की कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन' लिहूनही पायथन सुरू होत नाही. दुसरं, पीडीएफमधून कोड चिकटवला की बऱ्याचदा सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार येतात आणि 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' अशी एरर मिळते. डोळ्यांना फरक दिसत नाही. समासाच्या (ओळीच्या सुरुवातीच्या) मोकळ्या जागाही पीडीएफ हमखास खातो, आणि पायथनमध्ये समास हाच व्याकरणाचा भाग. त्यामुळे निदान पहिले दोन महिने प्रत्येक ओळ स्वतःच्या हाताने टाइप करा.