निवेदकानं गोष्टीत मधे बोलावं का?

पंचवटीकर
रविवारी आमच्या वाचनगटात एकाने स्वतःची कथा वाचली. नाशिकला गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आलाय, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय, ते बघून टपरीवाला सामान हलवायला लागतो. इथवर सगळे कान देऊन ऐकत होते. आणि निवेदक म्हणतो, 'गरिबाचं नशीब असंच असतं.' झालं, कथा तिथेच बसली.

निवेदकानं दाखवावं आणि गप्प राहावं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाच्या हुकमाने गावातलं सगळं दूध ओतलं तरी गाभारा भरेना. म्हातारीने पोरासोरांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर ओतलं आणि भरला. राजा वाईट होता असं निवेदन कुठेही म्हणत नाही.

सराफबाजार
अजिबात पटलं नाही. म्हातारी राजाला शेवटी तोंडावर सांगते की पोरं-वासरं तळमळली म्हणून गाभारा भरला नाही. निवाडा आहेच, फक्त तिच्या तोंडी दिलाय. शिवाय कहाणी सांगणारं माणूस असतं. आमची आजी हातात अक्षता देऊन बसवायची. वासरांपाशी आली की थांबायची, आमच्याकडे बघायची आणि 'आधी वासरांना हं' असं पुन्हा म्हणायची. मला त्या कहाणीतलं आज तेवढंच नीट आठवतं.

आणि संजय? धृतराष्ट्राने विचारलं, माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? संजय गीतेच्या शेवटच्या श्लोकात सांगतो, जिथे कृष्ण आणि पार्थ तिथेच विजय. वर 'मतिर्मम', माझं मत! ज्याची मुलं समोरच्या बाजूला उभी आहेत, त्या बापाला.

पंचवटीकर
शेवटच्या श्लोकात, हेच तर म्हणतोय. आधी त्याने कृष्णार्जुनाचं सगळं बोलणं ऐकवलं. आमच्या कथेतल्या निवेदकाला दुसऱ्याच पानावर घाई झाली.

विहितगाव
तुम्ही दोघंही निवेदक गोष्टीबाहेर उभा आहे असं धरून चाललाय. आमच्या गावचे कथाकार बाबूराव बागूल आठवा. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. तिथे सांगणारा 'मी' आहे. तीच गोष्ट 'तो'ची केली असती तर आपण लांबून हळहळलो असतो. 'मी' म्हटल्यावर जात लपवल्याचं ते गुपित वाचणाऱ्याच्याच छातीवर येतं, आता कळेल, मग कळेल. तो 'मी' मधे बोलला तर ती लुडबूड नव्हे, ते त्याच्यावर बेतलेलं असतं.

म्हणून आधी विचारा, निवेदक उभा कुठे आहे? टपरीत की पुलावर? 'गरिबाचं नशीब' हे पुलावरून पूर बघणाऱ्याचं वाक्य आहे. टपरीतला माणूस म्हणेल, 'गॅसची टाकी आधी वर घे.'

सराफबाजार
टाकीचं वाक्य फार खरं आहे. पण मग कीर्तनकाराचं काय करायचं? उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान ऐन भरात आलं की तो थांबवतो, अभंग घेतो, चार शब्द स्वतःचे बोलतो. कोणी उठून जात नाही. मधे बोलणं हाच दोष असता तर कीर्तन कधीच बंद पडलं असतं.

पंचवटीकर
कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात, तुमच्या आजीला तुमचे दिसायचे. कुठे थांबायचं ते त्यांना तिथेच कळतं. लिहिणाऱ्यासमोर कागद असतो, म्हणून मी अजून गप्प राहण्याच्याच बाजूचा आहे. पण टाकीचं वाक्य आमच्या लेखकाला आज रात्रीच कळवतो. येत्या रविवारी तो कथा पुन्हा वाचणार आहे.