शब्दचर्चा: कंझर्व्हेटरीला मराठीत काय लिहायचं?

कृष्णाकाठ: सांगलीत व्हायोलिनचा कार्यक्रम आहे, पाहुण्या बाईंचा परिचय मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. शिक्षण रशियातलं. आधी संगीत शाळा, मग संगीत कॉलेज, मग मॉस्को कंझर्व्हेटरी. कॉलेजला 'महाविद्यालय' लिहून बसले, आता वरच्या पायरीला काय लिहू? आधीच्या कुणाच्या तरी मसुद्यात 'मॉस्को येथील काचगृहात पाच वर्षे' असं आहे.

विश्रामबागकर: काचगृह! बाई काय कुंडीतल्या होत्या? अर्थात इंग्लंडात झाडांच्या काचघरालाही हेच नाव, कोशवाल्याला बोल लावू नका. सरळ महाविद्यालय लिहा. पलुसकरबुवांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि बुवा शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवांकडे. शब्द घरचा आहे.

सातारकर: घरचा असू दे की. गांधर्वच्या परीक्षेची तयारी आज होते कुठं? माडीवर, पेटीच्या क्लासात. आमची लेक प्रवेशिका पूर्ण झाली, तिला कुणी महाविद्यालयात जाते म्हणत नाही.

मूळधातू: इटालियन शब्दात जपणूक, सांभाळ आहे. सोळाव्या शतकात नेपल्सला अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या संस्था निघाल्या, तिथं पुढं मुलांना गाणंबजावणं शिकवू लागले. अनाथ गेले, गाणं राहिलं. म्हणून 'संगीतसंवर्धिनी' सुचवतो.

विश्रामबागकर: ठेवींवर व्याज किती देते?

कृष्णाकाठ: शिवाय फ्रान्समध्ये गावोगावच्या कंझर्व्हेटरीत शाळकरी पोरं संध्याकाळी जातात. उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्था दोनच, पॅरिस आणि ल्यों. म्हणजे शब्द एक, तिकडं क्लासही तोच आणि शेवटची पायरीही तीच. जर्मन तर 'होखशूल' म्हणतात, शब्दशः उच्च शाळा, असते विद्यापीठाच्या दर्जाची. उद्या कुणी हायस्कूल लिहील.

विश्रामबागकर: जर्मनीतली लाइपझिगची कंझर्व्हेटरी संगीतकार मेंडेल्सोननं काढली 1843 ला. त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर! परिचयात घालाच.

कृष्णाकाठ: काका, बाई मॉस्कोच्या. ती 1866 ची.

मिरजेचा तंबोरेवाला: दुकानात परदेशी गिऱ्हाईक येतं, ते कंझर्व्हेटरीच म्हणतं, आम्हीही तेच म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. आधी घरचं बघा. 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'मिरज तानपुरा' म्हणून. भोपळा कापण्यापासून जवारी काढेपर्यंत आम्ही तंबोराच म्हणतो, त्याचं काय?

सातारकर: बरोबर आहे. तानपुरा हिंदीवाल्यांचा.

मूळधातू: तंबोरा तरी कुठं आपला? फारसी तंबूर.

मिरजेचा तंबोरेवाला: आमच्या आज्याचा शब्द फारसी?

मूळधातू: आजोबांचं 'दुकान'ही फारसीतूनच आलंय.

कृष्णाकाठ: मंडळी, मजकूर उद्या छापायला जातोय.

मिरजेचा तंबोरेवाला: जाऊ दे की ताई. फक्त तानपुरा लिहू नका.

कृष्णाकाठ: अहो, व्हायोलिन आहे.