शब्दचर्चा : वेस्टर्न, हॉरर आणि मराठीतले 'पट'

रानवारा
परवा 'बोन टोमाहॉक' (२०१५) पाहिला आणि मित्राला म्हटलं, जबरदस्त वेस्टर्न आहे, बघच. तो म्हणाला, "वेस्टर्न म्हणजे इंग्लिशच ना रे?" त्याच्या हिशेबी हॉलिवूडमधून येतं ते सगळंच वेस्टर्न. मग म्हटलं, बरं, भयपट आहे. त्याने लावला आणि थोड्या वेळाने त्याचा मेसेज : "भूत कधी येणार?"

भूत त्यात येतच नाही. सुरुवातीचा एक गळा चिरण्याचा प्रसंग सोडला तर बराच वेळ चार माणसं, त्यातला एक मोडक्या पायाचा, पळवून नेलेल्यांच्या शोधात आधी घोड्यावरून आणि मग पायी माळ तुडवत राहतात. म्हातारा डेप्युटी अखंड बडबडत असतो. कर्ट रसेलचा शेरीफ ते सोसत असतो. शेवटच्या टप्प्यात गुहेत जे होतं ते मात्र जेवताना पाहू नये.

तर दोन प्रश्न. वेस्टर्नला रुळलेला मराठी शब्द आहे का? आणि हॉरर म्हणजे भयपट, एवढ्याने भागतं का? पाहिलेल्या सिनेमांची उदाहरणं देऊन बोला, नुसते शब्दकोश उघडू नका.

दिवेलागण
वेस्टर्नला वेस्टर्न. पुढचा प्रश्न घ्या.

पेठकर आजोबा
पुढचा प्रश्न घेण्याआधी एक विनंती. 'पाश्चात्यपट' कोणी सुचवू नये. आपलं 'पाश्चात्य' म्हणजे अख्खा युरोप-अमेरिका. त्यांचा 'वेस्ट' मिसिसिपी नदीपलीकडचा, आणि तोही ठरावीक काळातला : १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं तिथपासून साधारण ते शतक संपेपर्यंत.

आमच्या वेळी वेस्टर्न असं कोणी म्हणत नसे. 'घोड्यांचा पिक्चर' किंवा 'काउबॉयचा पिक्चर'. तिकीट काढायला तेवढं पुरे होत असे. 'हाय नून' (१९५२) मी नुकताच पुन्हा पाहिला. त्यात गॅरी कूपर घोड्यावर कमी आणि गावात दारोदार मदत मागत जास्त हिंडतो. पडद्यावरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जवळजवळ बरोबर चालतं. बारा वाजायच्या आधीची काही मिनिटं आजही जीव टांगणीला लावतात. त्याला 'घोड्यांचा पिक्चर' म्हणवत नाही, हेही खरं.

माणदेशी
काउबॉयला 'गुराखी' म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं यावं. गुराखी म्हणजे सकाळी गावची गुरं रानात नेणारा आणि दिस मावळायला परत आणणारा. टेक्सासातला काउबॉय हजारो जनावरं चिशोम ट्रेलवरून हाकत पार कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचा. कैक आठवडे उघड्यावर. हे काम आपल्याकडच्या खिल्लाऱ्याला जवळचं. खिल्लार ही आता बैलांची जात म्हणून माहीत आहे, पण शब्दाचा जुना अर्थ गुरांचा कळप. तो राखणारा, फिरवणारा तो खिल्लारी.

म्हणून 'खिल्लारपट' म्हणा, असं माझं म्हणणं नाही. लोक बैलगाडा शर्यतीवरचा सिनेमा समजून येतील. शिवाय बऱ्याच वेस्टर्नमध्ये गाय औषधालाही दिसत नाही. दरोडा, रेल्वेची जमीन, सूड, बस.

खोताचा नातू
आधी भुतांचा बघा. सोपा हा. भूत असेल तर भूतपट, नसेल तर भयपट.

आणि 'भूत' म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. 'मुंज्या' (२०२४) बघून ऑफिसातला एक जण म्हणाला, चांगलं भूत दाखवलंय. अरे भूत काय, मुंजा तो! मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, पिंपळावर बसला. लग्नाची इच्छा राहिली म्हणून तो लग्नासाठी हटून बसतो, ते दिग्दर्शकाच्या डोक्यातलं खूळ नाही, शब्दातच आहे. समंधाचा जीव ठेव्यात नाहीतर वंशात अडकलेला. हडळ वेगळी, जखीण वेगळी, खवीस वेगळा. नुसतं नाव घेतलं की अर्धी पटकथा तयार असते. इंग्रजीत हे सगळे 'घोस्ट'. बिचारे.

मधुमालती
खोताच्या नातवाने धागा बरोबर पकडलाय, फक्त पुरता ओढला नाही.

आपण दोन वेगळ्या तऱ्हांचे शब्द एका माळेत ओवतो. भयपट, थरारपट, विनोदपट हे शब्द प्रेक्षकाचं काय होतं ते सांगतात. भूतपट, युद्धपट, डाकूपट हे पडद्यावर काय आहे ते सांगतात. हॉरर पहिल्या तऱ्हेचा शब्द, वेस्टर्न दुसऱ्या. त्यामुळे 'बोन टोमाहॉक' वेस्टर्न की भयपट हा वादच उभा राहत नाही. स्थळकाळाने वेस्टर्न, परिणामाने भयपट, दोन्ही पुरेपूर.

आता भूतपट आणि भयपट वेगळे करून पाहा. 'एक डाव भुताचा' (१९८२) : अशोक सराफांचं भूत आणि प्रभावळकरांचा मास्तर. पक्का भूतपट, पण घाबरलं कोण? उलट 'मिडसमार' (२०१९) पाहा. स्वीडनमधला उन्हाळा, लख्ख ऊन, फुलांचे मुकुट, भूत नाही, अंधार जवळजवळ नाही. आणि पाहताना हातपाय गार. म्हणजे भयपट, पण भूतपट नव्हे.

रानवारा, तुमच्या मित्राने 'भयपट' ऐकलं आणि 'भूतपट' समजून बसला. घोळ तिथे झाला.

पेठकर आजोबा
मधुमालतीबाई, विभागणी मान्य. पण वेस्टर्नला स्थळकाळ म्हणता तर सर्जिओ लिओनेचं काय करायचं? 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) : दिग्दर्शक इटलीचा, चित्रीकरण स्पेनमध्ये, अल्मेरियाजवळच्या ताबेर्नासच्या वाळवंटात आणि उत्तरेकडे बुर्गोसजवळ. नट आपापल्या भाषेत बोलले, आवाज मागाहून चढवले. त्याच्या आधीचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) तर कुरोसावाच्या 'योजिम्बो' (१९६१) वरून उचललेला, त्यापायी जपानी कंपनीने कोर्टात खेचलं. यात अमेरिकेचा पश्चिम भाग कुठे आला?

मधुमालती
आजोबा, गोष्टीचं स्थळ धरायचं, कॅमेऱ्याचं नव्हे. नाहीतर कोल्हापुरात चित्रित झालेला प्रत्येक पौराणिक पट कोल्हापूरपट म्हणावा लागेल.

'शोले' (१९७५) घ्या. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत चित्रित झाला, आगगाडीवरचा हल्ला आपल्या पनवेलच्या बाजूला. पण गोष्टीतलं रामगढ उत्तरेतलं, आणि गब्बर डाकू. म्हणून तो डाकूपट. त्याला 'करी वेस्टर्न' म्हणणं मला कधी रुचलं नाही. इटालियन सिनेमांना 'स्पॅगेटी' हे नाव हिणवायला लावलं होतं, तोच चमचा आपल्या ताटात कशाला घ्यायचा? घोडे, बंदुका, सूड आणि निर्मनुष्य खडक या गोष्टींचा मक्ता कुणा एकाकडे नाही.

अनुस्वार
शब्दकोश उघडू नका म्हटलंय, तरी एकदाच उघडतो.

हॉररच्या मुळाशी लॅटिन 'होरेरे' आहे, म्हणजे केस ताठ उभे राहणं. भाषाशास्त्रज्ञ याच कुळात संस्कृत 'हृष्' धातू ठेवतात. त्याचाही जुना अर्थ केस उभे राहणं. आनंद नंतरचा. म्हणजे हॉरर आणि हर्ष हे दूरचे भाऊबंद! गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते.' तिथे तो खूश नाही, गलितगात्र झालाय. आज मात्र 'रोमहर्षक' हा शब्द शेवटच्या षटकात संपणाऱ्या सामन्यांनी पळवला. 'रोमहर्षक चित्रपट' असं पोस्टरवर छापलं तर लोक क्रीडापट समजतील. अंगावर काटा, शहारा हे शब्द अजून शाबूत आहेत.

आता मुद्दा. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. 'द इनोसन्ट्स' (१९६१) कालच पाहिला. तळ्यापलीकडे भरदिवसा, बोरूंमध्ये काळ्या कपड्यातली एक बाई नुसती उभी आहे. काही करत नाही. डेबोरा कर बघते, आपण बघतो. हा भयानक. 'बोन टोमाहॉक'ची गुहा बीभत्स. इंग्रजी 'हॉरर' दोघांना पोटात घेतो, 'भयपट' पहिल्यालाच. म्हणून तो शब्द अपुरा, असं माझं मत. अॅन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकार बाईंनीही टेरर आणि हॉरर वेगळे काढले होते, टेररने मन विस्तारतं आणि हॉररने आक्रसतं. त्यांचा तो निबंध १८२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला.

दिवेलागण
मग किळसपट म्हणायचं का?

अनुस्वार
नको. पण परीक्षण लिहिताना 'भयपट आहे, बीभत्साकडे झुकणारा' एवढं लिहिलं तरी वाचक सावध होतो. आपल्या गोष्टींत ही छानणी केव्हाच झालेली आहे. नारायण धारपांना आपण भयकथाकार म्हणतो आणि मतकरींच्या गोष्टींना गूढकथा. दोघांच्या वाचकांना फरक समजावून सांगावा लागत नाही. 'गूढपट' हा शब्द मला म्हणूनच जास्त वापरात यावासा वाटतो.

शिवेचा
मी मुंबईच्या शीवला राहतो, ज्याचं साहेबाने सायन केलं. शीव म्हणजे हद्द. जुनं मुंबई बेट इथे संपायचं.

वेस्टर्नमध्ये 'फ्रंटिअर' हा शब्द सतत येतो आणि उपशीर्षकं करणारे त्याला 'सीमा' करतात. सीमा म्हटलं की भारत-पाकिस्तान. गावाची ती शीव. आणि तिथे कोण असतं? वेताळ, म्हसोबा. उतारा टाकायचा तो शिवेवर, भारलेलं लिंबू टाकायचं ते शिवेबाहेर. आतलं आपलं, बाहेरचं कोणाचं ते माहीत नाही.

रॉबर्ट एगर्सचा 'द विच' (२०१५) पाहा. १६३० च्या दशकातलं न्यू इंग्लंड. धर्मावरून वाद घालणाऱ्या बापासकट कुटुंबाला वस्तीबाहेर काढतात आणि ते रानाच्या कडेला एकटं घर बांधतात. पिकाला कीड, तान्हं मूल नाहीसं, आणि तो काळा बोकड. घोडा-बंदुकीचा वेस्टर्न यायला अजून दोन शतकं आहेत, पण गोष्ट शिवेबाहेरचीच. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये दार उघडतं आणि पलीकडे मॉन्युमेंट व्हॅलीचा तांबडा विस्तार दिसतो, तेव्हाही आपण शिवेवरच उभे असतो. वेस्टर्न आणि हॉरर एकमेकांत इतके सहज का मिसळतात, याचं उत्तर मला या शब्दात सापडतं. वस्ती संपते तिथे दोघं राहतात.

माणदेशी
छान लिहिलंय, पण एक अडचण. शिवेचा दगड हलत नाही. हलवला तर डोकी फुटतात, तलाठ्याला विचारा. अमेरिकन फ्रंटिअर दरसाल पुढं सरकायची, आणि पुढं ज्यांची वस्ती होती त्यांना हुसकावून सरकायची. त्यांच्या जनगणनेनं १८९० मध्ये, आता अशी रेघ दाखवता येत नाही, असं जाहीर करून टाकलं. शिवेपलीकडं आपल्याकडं दुसरं गाव असतं, हे आपण मान्य करतो. त्यांनी पलीकडं रिकामं रान आहे असं धरलं. शब्द तिथं तुटतो.

शिवेचा
तुटतो, मान्य. 'वस्तीची कड' म्हणू. कड सरकू शकते. भयपटासाठी मात्र शीव सोडणार नाही.

अक्कामावशी
कोणी घरांचं बोलेल का? 'हाँटेड हाऊस'ला काय म्हणायचं? 'झपाटलेलं घर' मला खटकतं. झपाटतं ते माणसाला. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये तर तात्या विंचू बाहुल्यात शिरतो, तिथेही झपाटण्यासाठी हातपाय असलेलं काहीतरी लागलंच. 'पछाडलेला' (२००४) मध्ये वाडा आहे, पण पछाडलेला आहे तो माणूस. घराला बाधा असते, वास्तू वाईट असते, 'त्या घरात काहीतरी आहे' म्हणतात. हे शेवटचं सगळ्यात भीतिदायक, कारण ते 'काहीतरी' सांगणारा आवाज खाली आणतो.

आणि अंगात येणं वेगळं हो. देवी अंगात येते, भूत धरतं. परवा एका हिंदी सिनेमाच्या मराठी डबिंगमध्ये 'तिच्या अंगात सैतान आला आहे' ऐकलं आणि उठून चहा टाकला.

रानवारा
अक्का, हे टिपून ठेवतो. एक राहिलं. डब केलेल्या वेस्टर्नमध्ये 'चल, सलूनमध्ये भेटू' असं ऐकलं की मला दाढीचा फेस आणि गल्लीतला न्हावी दिसतो. 'गुत्ता' म्हणावं का?

पेठकर आजोबा
गुत्ता म्हणावा. अंधारही तितकाच असतो.

खोताचा नातू
जंपस्केअरला 'दचका' चालेल? 'स्वस्त दचके फार आहेत' असं लिहिलं की नव्वद टक्के हॉरर सिनेमांचं परीक्षण एका वाक्यात संपतं. 'लपाछपी' (२०१७) मला आवडला तो याचसाठी. उसाच्या फडात दचके कमी, धाकधूक जास्त.

मधुमालती
दचका उत्तम. धाकधूकही घेऊ, सस्पेन्सला नुसतं 'रहस्य' म्हणण्यापेक्षा बरं. खुनी कोण हे माहीत असूनही धाकधूक होते, रहस्य उरत नाही.

दिवेलागण
आणि स्लॅशरला? सुरा, कुऱ्हाड, कोयता घेऊन मागे लागतात तो. 'कोयतापट'?

अक्कामावशी
पुण्यात लोक वृत्तपट समजतील.